साड्यांची खोली

वस्तू जपून ठेवणं हे संस्कृतीचं पहिलं लक्षण आहे, असं म्हणतात. असं म्हणणाऱ्यांच्या घरी बहुधा एक खोली जास्तीची असते.

मी शहरातल्या सदर भागात एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. दरवर्षी एका तासाला फळ्यावर 'कॅरिंग कॉस्ट' असं लिहितो आणि खाली मराठीत 'साठवणखर्च'. माल हातात आल्यापासून विकला जाईपर्यंत तो नुसता सांभाळायला जे लागतं, ते सगळं यात येतं. गोदामाचं भाडं, विमा, राखणदार, ओल, उंदीर, आणि त्यात अडकलेल्या पैशावर दुसरीकडे मिळालं असतं ते व्याज. वायदे बाजारातही हीच गोष्ट चालते. पुढे कधीतरी द्यायच्या मालाचा भाव आजच्या भावापेक्षा साधारण तेवढाच जास्त असतो, जेवढा तोवर तो माल सांभाळण्याचा खर्च. थोडक्यात, थांबायलाही खर्च येतो, आणि भाव त्या खर्चापेक्षा जास्त चढणार असेल तरच थांबण्यात शहाणपण असतं. मुलं हे लिहून घेतात. परीक्षेत येतं म्हणून लिहून घेतात, आणि ते बरोबरच आहे.

पुस्तकात उदाहरणाला गव्हाची पोती असतात. आमच्या घरी नऊवारी साड्या होत्या.

बाबा हातमागावर विणायचे आणि आई त्यांच्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. विणकरांची सोसायटी बुडाली तेव्हा मजुरीच्या बदल्यात सभासदांना पडून राहिलेला माल वाटला गेला. जरीकाठी नऊवाऱ्या, एकाहून एक देखण्या. वाटपाच्या दिवशी हार-तुरे झाले, आणि एका पाहुण्यांनी या साड्या म्हणजे आपला वारसा आहेत, असं सांगितलं. ते स्वतः सफारी सूट घालून आले होते.

बहुतेकांनी आपला वारसा महिनाभरात मिळेल त्या भावात विकला. बाबांनी मात्र विकला नाही. त्यांचा हिशेब चुकीचा होता असं मला आजही म्हणता येत नाही. "विननारे एकेक जाऊन राह्यले," ते म्हणायचे. "पोरं कोनी रिक्षा चालवते, कोनी मोबाईल इकते. नवीन माल येईन कुठून? भाव चढनारच." विणणारे खरोखरच कमी झाले. पण नऊवारी नेसणाऱ्या बाया त्यांच्याहून वेगानं कमी होत होत्या, ही बाजू मागावर बसून दिसत नाही.

साड्या ठेवल्या आतल्या खोलीत. घरात खिडकी असलेली खोली ती एकच. उजेडानं रंग उडतो म्हणून खिडकी बंद झाली आणि तिच्यासमोर पेट्या रचल्या गेल्या. आईचं अंथरूण स्वयंपाकघरात आलं.

शिवाय जरीची साडी नुसती ठेवून चालत नाही. एकाच घडीवर ती फार दिवस राहिली की त्या रेषेवर जरीची तार तडकते आणि कापड चिरतं. म्हणून पावसाळा संपला की आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, प्रत्येक साडी उलगडून घडी बदलावी लागते. नऊवारी खोलीत मावत नाही. बाबा एक टोक धरून आत उभे राहायचे, आई दुसरं टोक घेऊन अंगणात, आणि मधलं कापड दारातून ताणलेलं. मग घडी पडत जाईल तशी आई पावलापावलानं आत यायची. डांबरगोळ्यांच्या वासानं तिला खोकला सुटला की बाबा टोक खाली न सोडता थांबायचे. तेवढी त्यांची माया होती, साडीवर की तिच्यावर ते सांगता येणार नाही.

आईचा दमा वाढल्यावर डॉक्टर म्हणाले, हिला मोकळ्या हवेत झोपवा. त्या रात्री जेवताना मी बाबांना साठवणखर्च समजावून सांगितला.

"भाडं कोन मागून राह्यलं?" बाबा म्हणाले. "घर आपलं हाय. विमा नाई, राखनदार नाई. साड्या काही जेवतेत का?"

"जेवत नाईत," आई चुलीपाशी बसून म्हणाली, "पन झोपतेत तं पाय पसरून. मलेच आवरून झोपा लागते."

"तुले काहून बोला लागते वं मधात?" बाबा म्हणाले, आणि विषय संपला.

मी आईला प्रताप नगरला माझ्याकडे आणलं. तिथं तिचा खोकला बराच उतरला, ती बाल्कनीत बसून खालच्या भाजीवाल्याशी भाव करू लागली. मग एका सकाळी बाबांचा फोन आला.

"कसं हाय तिचं?"

"बरं आहे."

"मंग पाठवून दे. घड्या बदलाच्या राह्यल्या. एकट्यानं नऊवार धरता येत नाई गा."

"मी येतो धरायला."

"तुह्या हाताले घाम येते. जरीले डाग पडते."

फोन ठेवेपर्यंत आईनं पिशवी भरायला घेतली होती. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "त्याइच्या हातून काठ जमिनीले लागन."

त्या खेपेनंतर ती परत आली नाही. माझ्या घरचे तीन जिने तिला चढवेनात.

शेवटी सदरच्या एका मोठ्या दुकानाचा मालक साड्या पाहायला आला. त्यानं एक साडी उलगडली, काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "काकाजी, माल एक नंबर आहे. पण नेसणारी कुठून आणू? मला फक्त काठ द्या. उशांच्या अभ्र्यांना लावतो."

"आन् अंग?" बाबांनी विचारलं. साडीच्या मधल्या भागाला विणकर अंग म्हणतात.

"अंग पॅकिंगला होईल."

बाबांनी उलगडलेली साडी घडी करून पेटीत ठेवली. स्वयंपाकघरातून आईचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा. "घेऊन जा," ते म्हणाले.

पेट्या गेल्या त्याच संध्याकाळी मी आणि बाबांनी आईचा पलंग खोलीत नेला. खिडकीच्या कड्या गंजल्या होत्या. बाबांनी त्या हातोडीनं सोडवल्या आणि झडपा आत ओढल्या. समोर विटा होत्या. हाताच्या अंतरावर, प्लास्टर न केलेल्या. शेजाऱ्यानं मजला चढवताना मधला बोळ आत घेतला होता. ठोकाठोक आम्ही सगळ्यांनीच ऐकली होती, पण या बाजूला पाहायला पेट्या हलवाव्या लागल्या असत्या.

बाबा शेजाऱ्याकडे गेले. तो दारातच खुर्ची घेऊन बसला होता आणि खरोखर ओशाळला.

"बंदच तं राहे ना, काकाजी," तो म्हणाला. "मले वाटलं, तुमाले लागत नाई."

घरी येऊन बाबांनी झडपा परत लावल्या, कारण विटांतून गरम हवा येत होती. आई म्हणाली, "राहू द्या, पाय तं पसरता येतेत."

ती दिवाळीपर्यंत त्या खोलीत होती. पुढचा हिवाळा तिनं पाहिला नाही.

खोली आता भाड्यानं दिली आहे. खिडकी नसल्यामुळे भाडं थोडं कमी येतं.