विहिरीत गार झालेलं गोड

आमच्या घरात चमच्याने खाल्ली जाणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे खोकल्याचं औषध. बाकी सगळं हाताने, तेही मनगटापर्यंत! त्यामुळे माझी नणंद सुलूताई दिवाळीला ठाण्याहून काचेचं भांडं आणि घरातल्या माणसांपेक्षा जास्त चमचे घेऊन उतरल्या, तेव्हा माझ्या सासूबाईंना वाटलं, कुणीतरी आजारी आहे.

भांड्यात थर होते. खाली बिस्किटांचा चुरा, त्यावर पांढरंशुभ्र क्रीम, त्यावर लालभडक स्ट्रॉबेरी, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. दिसायला सुंदर होतं, हे कबूल करायला माझी हरकत नाही. (तेव्हा होती.)

"भट्टी नको, गॅस नको, काय काय नको बघ," सुलूताई म्हणाल्या. "नुसते थर लावायचे आणि फ्रिजमध्ये टाकायचं."

"एवढंच? मग मी पण करीन की," मी म्हटलं.

"तुला नाय जमायचं वैनी. याला नाजूक हात लागतो."

नाजूक हात! याच हातांनी मी दर वर्षी चिखलात वाकून भात लावते. एक रोप वाकडं जात नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यात मागून आणखी एक विषय निघाला. सुलूताईंच्या ऋचाचं लग्न ठरलं होतं, नवरा मुलगा शहापूरचा. साखरपुडा आमच्याकडे, धसईजवळच्या आमच्या गावात करायचा, कारण अंगण मोठं. पण गोड मात्र ठाण्याहून मागवायचं, असं सुलूताईंनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

आता ही ऋचा प्रत्येक सुट्टीत माझ्याकडे वाढलेली. मला दोन मुलगे, मुलगी नाही. तिच्या डोक्याला तेल मी लावलं, गुडघे फुटले की हळद मी दाबली. तिच्या साखरपुड्याच्या पानात माझ्या हातचं काहीच नसावं, हे मला सहन होईना. पण हे बोलायला गेले असते तर रडू आलं असतं, आणि रडणाऱ्या बाईच्या हातात कुणी क्रीम देत नाही. म्हणून मी भांडणाचा सूर लावला.

"साखरपुड्याचं गोड मीच करणार. आणि हेच करणार, थरांचं!"

"आधी करून दाखव," सुलूताई म्हणाल्या. "मे महिन्यात आमी येतो तेव्हा खायला घाल. जमलं तर गोड तुझं. नाय जमलं तर ठाण्याचं. मग रुसायचं नाय."

मे महिना आला. स्ट्रॉबेरी काही आली नाही. मुरबाडच्या बाजारात चौकशी केली, तर फळवाला माझ्याकडे असा बघायला लागला की मी त्याच्याकडे बर्फाचा डोंगर मागितला असावा. मी म्हटलं, अडलंय माझं खेटर! आमच्या मागच्या डोंगरावर करवंदांच्या जाळ्या लगडल्यात, त्या काय शोभेला आहेत? ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मोबाइलमधला थरांच्या गोडाचा फोटो दाखवला आणि पिशवी घेऊन सोबत नेलं. दोन तासांत मी काळी करवंदं आणि हातभर ओरखडे मिळवले. ह्यांनी पिशवी भरून कच्ची, लाल करवंदं आणली.

"अहो, ही कच्ची आहेत! चीक आहे नुसता!"

"तुज्या फोटूत लालच व्हती ना? मी रंग बघून तोडली."

एवढ्या कष्टाने तोडलेली टाकणार कशी? सगळी एकत्र साखरेत शिजवली. ह्यांनी चव बघायला म्हणून मोठा घास घेतला आणि नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, चवीने भारावले. खरं म्हणजे चिकाने ह्यांच्या मिशा खालच्या ओठाला चिकटल्या होत्या! खोबरेल तेल लावून तोंड उघडलं. उघडल्यावर जे बाहेर पडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग मी कच्ची बाजूला काढली आणि नुसत्या काळ्या करवंदांचा नवा रस आटवला. तो मात्र असा झाला की मी पातेलं बोटाने पुसून खाल्लं.

आता क्रीम. घरी म्हैस आहे, सायीला तोटा नाही. सुलूताईंनी मशीन वापरलं होतं. माझ्याकडे रवी. साय पातेल्यात घेतली आणि फिरवायला सुरुवात केली. सासूबाई दारात येऊन बसल्या.

"लोणी काढतेस काय गो?"

"नाय आई, क्रीम फेटते."

"मंग रवी कशाला?"

"फेटायलाच."

"लोणी येल."

"नाय येणार आई!"

आलं. लख्ख, पिवळसर, भाकरीएवढा गोळा. वीस वर्षांची सवय हाताला! रवी हातात आली की हात लोणी येईपर्यंत थांबतच नाही. सासूबाईंचा चेहरा उजळला. "मी म्हटलं नव्हतं? उगाच क्रीम क्रीम करीत बसलेली," असं म्हणून त्यांनी गोळा उचलला आणि तूप कढवायला घेतला. घरभर सुगंध पसरला, माझा जळफळाट त्यात कुणाला जाणवला नाही.

पण मी माघार घेणारी नव्हते. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ह्यांना मोटारसायकलवर मुरबाडला पिटाळलं, तयार क्रीमचं पाकीट आणायला. "उन्हात वितळेल, बर्फातून आणा," असं दहादा बजावलं. ह्यांनी आणलं बर्फातूनच. पिशवी उघडली आणि मी दोन पावलं मागे सरकले.

"हा बर्फ कुठून घेतलात?"

"मासलीवालीकडून. तिच्याकडंच व्हता. फुकट दिला बिचारीने."

पाकीट बंद होतं, हे नशीब. ते मी राखेने, साबणाने आणि शेवटी लिंबाने धुतलं. मांजर तरीही संध्याकाळपर्यंत माझ्या मागे फिरत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच क्रीम फेटायला घेतलं. या वेळी ह्यांना शेजारी उभं केलं, कारण माझ्या हातावर माझा विश्वास उरला नव्हता. "घट्ट झालं की थांब म्हणून ओरडा," मी सांगितलं. दुसऱ्या बाजूला सासूबाई होत्याच.

"थांब!" हे ओरडले.

"आजून थोडं फिरव, येल लोणी," सासूबाई म्हणाल्या.

"थांब म्हणतो ना!"

मी रवी अक्षरशः अंगणात फेकून दिली. पण क्रीम झालं होतं! टोकं उभी राहिली होती, अगदी व्हिडिओत दाखवतात तशी.

बिस्किटं खलबत्त्यात कुटली. (आदल्या दिवशी त्यात लसणाची चटणी झाली होती, हे मला नंतर आठवलं. तुम्ही विसरून जा.) सुलूताईंसारखं भांडं नव्हतं, म्हणून लोणच्याची रुंद तोंडाची काचेची बरणी उकळत्या पाण्याने धुऊन घेतली. चुरा, क्रीम, करवंद. चुरा, क्रीम, करवंद. प्रत्येक थर लावताना मी श्वास रोखून धरत होते. बरणी भरली, झाकण लावलं, फ्रिज उघडला आणि आत दिवा लागला नाही.

लाइट गेली होती.

"येल दुपारपर्यंत," हे म्हणाले.

"आणि नाही आली तर?"

आमच्याकडे मे महिन्यात गार एकच जागा असते, ती म्हणजे विहिरीचा तळ. मी बरणी फडक्यात गुंडाळली, बादलीत बसवली, बादलीला दोर बांधला आणि ह्यांना विहिरीवर उभं केलं.

"हळू सोडा!"

"हळूच सोडतोय गो."

"हलवू नका, थर मोडतील!"

"मी दोर सोडतोय, पालना नाय हलवत!"

एवढा आरडाओरडा ऐकून शेजारणी हंडे घेऊन धावत आल्या. कुणी म्हणे मोबाइल पडला, कुणी म्हणे कोंबडी पडली. "गोड सोडलंय विहिरीत," असं मी सांगितल्यावर तर त्यांची खात्रीच झाली की उन्हाने माझं डोकं फिरलंय. जेवणवेळेपर्यंत विहिरीतून कुणाला पाणी काढू दिलं नाही. बादली तळाशी पाण्यावर तरंगत होती आणि मी काठावर राखण करीत बसले होते. भात राखतानाही मी एवढी जागरूक नसते.

सुलूताई, त्यांचे यजमान आणि ऋचा जेवायच्या वेळेला पोचले. बादली वर आली. फडकं सोडलं. थर जसेच्या तसे! काळसर, पांढरा, बदामी. माझे डोळे भरून आले. मी बरणी ओटीवर पंगतीच्या टोकाला मांडली. सुलूताईंनी लांबूनच बघितलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. तो क्षण मी पुढची दहा वर्षं पुरवून वापरणार होते.

आणि मी वाट्या आणायला आत गेले. फक्त वाट्या!

आता बयाजा आत्यांची ओळख करून द्यायला हवी. ह्यांची सख्खी आत्या. गावात लग्न असो, बारसं असो, पंगतीत वाढायचा मान त्यांचा. एकदा कुणाच्या तरी लग्नात पहिल्या पंगतीला रश्शाचं नुसतं पाणी आणि शेवटच्या पंगतीला नुसते बटाटे गेले होते म्हणे. तेव्हापासून आत्यांचा नियम आहे की कुठलंही भांडं तळापासून ढवळल्याशिवाय त्यातलं थेंबभर वाढायचं नाही.

मी वाट्या घेऊन बाहेर आले, तेव्हा आत्या लांब दांड्याचा डाव बरणीत घालून जोर लावत होत्या.

"आत्या!!"

"वरडतेस कशाला? समदा गाळ खाली बसलेला गो. ढवलला मस्त! आता सगल्यांना सारखा येल."

बरणीत जांभळट चिखल होता. हे जमिनीकडे बघायला लागले. सुलूताईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या हे मला पदराआडूनही दिसत होतं. मला वाटलं, त्याच बादलीत बसून विहिरीत जावं. साखरपुड्याचं गोड गेलं, ऋचाच्या पानातला माझा घास गेला, आणि कुणाला बोलणार? आत्यांना? त्यांनी तर प्रेमाने ढवळलं होतं.

आत्यांनी पहिली वाटी ऋचापुढे ठेवली. ऋचाने चमचा बाजूला सारला, बोट बुडवलं, चाटलं. मग वाटीच तोंडाला लावली.

"मामी, अजून दे ना."

"चेष्टा करतेस?"

"नाय गो! करवंदं कशी आंबटगोड लागतात. आई, साखरपुड्याला हेच पाहिजे मला. ठाण्याचं सगळीकडेच असतं."

सुलूताईंनी एक चमचा खाल्ला. मग दुसरा. मग त्यांनीही चमचा खाली ठेवला आणि बोटाने वाटी पुसली. "जमलंय," त्या म्हणाल्या. "थर बिर काय नाय, पण जमलंय. गोड तुझं, वैनी. एक अट हाय. ढवळायला आत्याच पाहिजेत."

साखरपुडा झाला. शहापूरच्या व्याह्यांकडची मंडळी तीन तीन वाट्या खाऊन गेली. सगळ्या बायका कृती विचारायला बयाजा आत्यांभोवती जमल्या आणि आत्यांनी मोठ्या मनाने सांगितलं, "काय अवघड नाय गो. समदं ढवलन्यावर हाय!" मी शेजारीच उभी होते. मला कुणीतरी रिकाम्या वाट्या उचलायला सांगितल्या.

पण एक गोष्ट कुणालाच माहीत नाही. साखरपुड्याच्या सकाळी स्वयंपाकघराचं दार आतून लावून, ढवळलं जाणार हे पक्कं ठाऊक असताना, मी त्या भल्या मोठ्या पातेल्यात एकावर एक थर लावले होते. चुरा, क्रीम, करवंद, अगदी निगुतीने. मिनिटभर डोळे भरून बघितले आणि मगच आत्यांना हाक मारली. ते थर जगात फक्त मी पाहिले, आणि तेच बरं झालं. कारण पातेलं स्टीलचं होतं, वरून फक्त करवंदच दिसत होतं!