झाडाला पाजलेलं पाणी

बिबवेवाडीत नातीच्या नाट्यशिबिरात पोरांची तोंडं रंगवत होते. त्या रंगाचा वास आला आणि मी तीस वर्षं मागे गेलो.

तेव्हा आमची लेक अशाच शिबिराच्या नाटकात झाड झाली होती. दिव्यांखाली हात वर करून उभी, घामानं हिरवा रंग गळ्यापर्यंत ओघळलेला. आमची ही खुर्चीतून उठली, सरळ स्टेजवर चढली आणि हनुवटी धरून तिनं पोरीला पाणी पाजलं. पोरगी हात खाली न करता, डोळे मिटून प्यायली.

"अहो, नाटक चालू आहे," शिबिराच्या बाई म्हणाल्या.

"चालू द्या की. मी कुठं अडवलंय?" ही म्हणाली.

सगळे हसले. परतताना बसमध्ये तिनं विचारलं, "माझी लाज वाटली का हो?"

मी हो म्हणालो. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

ते 'हो' मला आता परत घ्यायचंय. पण ती जाऊन सहा महिने झाले.