खालची म्हातारी

आभाळ भरून आलं की आमच्या आळीतल्या बायका वाळत घातलेले कपडे काढायला धावायच्या. गोदाकाकू तेवढ्या जात्याकडे जायच्या. त्यांची लुगडी दोरीवर खुशाल भिजत राहायची. त्या माजघरात पाय पसरून बसत, जात्याचा खुंटा ठोकून घट्ट करत आणि वाघ्याला हाक मारत. वाघ्या म्हणजे त्यांचा तांबूस कुत्रा. तो येऊन टेकला की घरघर सुरू व्हायची ती गडगडाट थांबल्यावरच थांबायची.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा मला पनवेलच्या शाळेत नोकरी लागली आणि काकूंच्या मागच्या दोन खोल्यांत मी बिऱ्हाड मांडलं. काकूंना मागेपुढे कुणी नव्हतं, पण नियम भरपूर होते. तिन्हीसांजेला केर काढायचा नाही, उंबऱ्यावर बसायचं नाही, रिकामी कात्री वाजवायची नाही आणि रिकामं जातं तर मुळीच फिरवायचं नाही. घरात दळिद्र येतं म्हणे. मला हसू आलं तशा म्हणाल्या, "हसतेस काय गो? दळिद्राला डिग्री दाखवून चालत नाही."

वाघ्याचं म्हणाल तर नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. एरवी पोस्टमनलाही अंगणात पाऊल टाकू द्यायचा नाही, पण हस्ताचा पाऊस गडगडायला लागला की वाट फुटेल तिकडे पळत सुटायचा. मी एकदा त्याला कुशीत घेऊन थोपटून पाहिलं; माझीच छाती धडधडत होती, तो काय शांत होणार? काकूंनी त्याच्या भल्यासाठी त्याला पडवीच्या खांबाला बांधलं. एका दुपारी वीज कडाडली आणि तो दोरी तोडून गेला. संध्याकाळी करंजाड्याचा ओळखीचा भाजीवाला त्याला बैलगाडीत घालून घेऊन आला. पंजा सोलवटला होता, गळ्याला दोरीचा वळ होता.

"काकू, पलस्प्याच्या नाक्यावर ट्रकखाली येता येता वाचला," भाजीवाला म्हणाला. "पुना पलाला तं नाय वाचाचा."

काकू त्याच्या पंजाला हळद-तेल लावत बसल्या. एरवी तोंडाचा पट्टा चालू असायचा, त्या दिवशी नव्हता. "हा गेला तर मी कुणावर ओरडू गो?" एवढंच म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

जात्याचा शोध त्यांना असाच लागला. काकू घावनांचं पीठ काढत होत्या आणि लांब कुठेतरी गडगडलं. वाघ्या उठला, दाराकडे गेला, परत फिरला आणि जात्याला पाठ लावून बसला. जात्याच्या घरघरीत ढगांची घरघर विरून गेली होती. काकूंनी ते हेरलं. दुसऱ्या दिवसापासून आभाळ निरभ्र असलं तरी त्या रोज मूठभर दळायला बसू लागल्या. दळता दळता वाघ्याला भाकरीचा तुकडा टाकायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "भीती धाकाने जात नाही. रोज थोडी थोडी दळावी लागते."

खरोखरीचं गडगडलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे. "वरची म्हातारी हरभरे भरडत्येय, खालची म्हातारी तांदूळ दळत्येय. त्यात भ्यायचं काय रे, वाघोबा?" हे त्या इतक्या सहज म्हणत की मलाही धीर यायचा.

पण वरच्या म्हातारीचे हरभरे काही संपत नाहीत. पुढच्या हस्तात एका दुपारी काकूंचे तांदूळ संपले. त्यांनी पीठच पुन्हा वैरून पाहिलं, तर जातं जड होऊन अडलं. तेवढ्यात छपरावरच वीज पडल्यासारखा आवाज झाला. वाघ्या उठून उभा राहिला. वाऱ्याने दार उघडलं होतं आणि बांधायची दोरी तर काकूंनी केव्हाच चुलीत घातली होती. त्यांनी दाराकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं. मग हाताने पीठ झाडून काढलं आणि रिकामं जातं फिरवायला सुरुवात केली. दगडावर दगड घासल्याचा तो आवाज ऐकून माझे दात शिवशिवले. वाघ्या मात्र हळूहळू खाली बसला.

पाऊस ओसरल्यावर मी म्हटलं, "काकू, आता दळिद्र आलं म्हणजे?"

"येईना का. दारात वाघ्या बसलाय, तो बघून घेईल."

त्यानंतर जात्याला टाकी लावणारी बाई यायची तेव्हा झिजलेले दगड पाहून चक्रावून विचारायची, "बाई, तुमी दळता तरी काय?" काकू म्हणायच्या, "गडगडाट."

पुढे एका पौषात साध्या तापाचं निमित्त होऊन काकू गेल्या. जातं आणि वाघ्या माझ्याकडे राहिले. वैशाखात मी बाजारात असताना अचानक वळवाचे ढग गडगडायला लागले. घराचं दार मी उघडंच टाकून आले होते. डोळ्यांसमोर एकच, पळस्प्याचा नाका. मी पिशवीसकट धावत सुटले.

वाघ्या माजघरात होता. थरथरत होता, पण गेला नव्हता. हनुवटी जात्यावर टेकून बसला होता आणि डोळे खुंट्याकडे लागले होते.

तांदूळ आणायलाही मी थांबले नाही. तशीच बसले आणि रिकामं जातं फिरवू लागले. "वरची म्हातारी हरभरे भरडत्येय," असं म्हणताना मी वर पाहिलं, कारण आता वर कोण दळायला बसलं असेल ते मला ठाऊक होतं. वाघ्याने एक मोठा उसासा टाकला आणि पाय पसरले.

खालची म्हातारी व्हायचं माझं वय नव्हतं. पण ती जागा रिकामी ठेवून कसं चाललं असतं?