पथ्याचं जेवून वर दोन लाडू

आमच्या गावात गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, एकच, सत्यवान मेस्त्रीची. माती कोणीही मळो, रंग कोणीही देवो, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी फक्त सत्यवान करतो. वय एक्कावन्न, हात स्थिर, आणि पोट मूर्तीला शोभेल असं. त्या पोटाचा त्याला अभिमानच होता.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सावंतवाडीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला त्याच्याच डोळ्याच्या पडद्याचा फोटो दाखवला. केसाहून बारीक तांबड्या रेषा, मधे मधे ठिपके. सत्यवानाने तो निरखून पाहिला. "आखणी बरी आसा, पण रंग पाझरलो."

डॉक्टर हसले नाहीत. "रंग नव्हे, रक्त. साखर किती वर्षं वाढलेली आहे कोण जाणे. तिचा मार या बारीक रक्तवाहिन्यांना आधी बसतो. डोळ्यांतल्या, मूत्रपिंडातल्या, पायांतल्या. लेसर करू, गोळ्या देतो. पण ताट बदललं नाहीत तर तुमची ती आखणी विसरा."

त्याच्या बायकोने, सुगंधावहिनीने, ताट बदललं. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, लाल माठाची भाजी, बांगड्याचं तिखलं, भात वाटीभर. सत्यवान ते सगळं मुकाट्याने जेवायचा आणि शाळेत येऊन वर दोन लाडू खायचा. त्याच्या हिशेबी पथ्याचं जेवण हे औषध, आणि औषध पोटात गेल्यावर बाकीचं बाधत नाही. संकष्टीला तर तो आणखी कडक. दिवसभर नुसती साबुदाण्याची खिचडी!

लाडू यायचे कुठून? आमच्याकडून. मूर्ती ज्यावर घडवायची तो घरचा पाट शाळेत द्यायला जाताना कोणी रिकाम्या हाताने जात नाही. खाजं, करंज्या, भजी, काही तरी हवंच. गावात घरं एकशे चाळीस. नको म्हणणारा माणूस माजलेला ठरतो. आम्ही त्याच्या साखरेची आपुलकीने चौकशी करायचो आणि डबा उघडायचो. "कुंचलो धरूक ताकद होयी मा!" हे वाक्य माझं.

त्या वर्षी चतुर्थी चार दिवसांवर असताना यशोदाकाकी मूर्ती बघायला आली. बराच वेळ समोर उभी राहिली, मग डावीकडे सरकली, मग उजवीकडे.

"सत्यवाना, गणपती माझ्याकडे बघना नाय रे."

सत्यवानाने चष्मा पुसून पाहिलं. त्याला डोळे सरळच दिसत होते. तो बायकोकडे वळला. "खरा सांग."

"तीन दिवस झाले, एक डोळो खाली येता," सुगंधावहिनी म्हणाली.

"माका आधी कित्याक सांगूक नाय?"

"पथ्याचा सांगून सांगून तोंड दुखला. ह्या कोण आयकतलो?"

त्या तीन दिवसांत अकरा मूर्तींची आखणी झाली होती. सत्यवानाने ओल्या फडक्याने बावीस डोळे पुसले. मी तिथेच होतो, हातात करंजी. मला आम्हा सगळ्यांची लाज वाटली. करंजी मात्र मी संपवली.

मग वहिनी शेजारी उभी राहून "वायच वर, वायच" म्हणत राहिली आणि तो आखत राहिला. त्या दिवसापासून शाळेत येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच सांगतो, "पाट ठेव, डबो परत व्हर." गाव दुखावलं. मेस्त्री चढून गेला, असं देवळात दोनदा बोलून झालं. गेल्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, ठिपके गेले नाहीत, पण वाढलेही नाहीत. सत्यवानाने हे सगळ्यांना पहिल्या वर्गात पास झाल्यासारखं सांगितलं.

यंदा मूर्ती आणायला गेलो तो सवयीने लाडू घेऊनच. त्याने डबा उघडूही दिला नाही. माझा असा अपमान कोणी केला नव्हता. घरी येईपर्यंत मी धुमसत होतो.

मूर्ती पाटासकट मखरात ठेवली आणि मागे सरलो. गणपती थेट माझ्याकडे बघत होता, आणि डबा अजून माझ्या काखेत होता.