कोलंबीची मोटर

शाळेने मला चौथीत सोडलं. पन कोलंबी पाळायला कुठे शिक्षण लागतं, असं मला वाटलं. बायको दिवाळे गावची, कोळ्याची पोर. काचेच्या टाकीतली कोलंबी बघून म्हणाली, "अहो, एकीचं कालवण कसं करू?"

ही खायची नव्हती. हिला पुढच्या हातांना बारीक जाळ्या. फिल्टरच्या मोटरने पाण्याला धार सुटते. त्या धारेसमोर दगडावर बसायचं, जाळ्या पसरायच्या, वाहत आलेला कण अडकला की तोंडात. हलायचं नाय. मी न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, रात्रभर बंदराच्या गेटच्या लाइनीत. मला तिचा हेवाच वाटायचा.

सकाळी घरी येऊन आडवा झालो की मोटर कानात गुणगुणायची. म्हणून मी ती बंद करायला लागलो. संध्याकाळी उठल्यावर चालू.

"बंद का केली?" बायकोने विचारलं.

"तिलापन आराम."

पंधरा दिवसांत कोलंबी दगडावरून उतरली आणि तळाची वाळू खरवडायला लागली. मी खूश. सोसायटीत सांगत सुटलो, आमची कोलंबी टाकी झाडून काढते, एवढी कामसू.

मग सासूबाई आल्या. सगळा जन्म मासळी विकण्यात गेलेला. पिशवी खाली ठेवून त्यांनी काचेला डोळे लावले.

"जावई, ही उपाशी हाय."

"नाय ओ आई, कामाची सवय आहे तिला."

"तुमाला हाय काय? पान्याला धार नाय, तर जाळीत काय गावनार? म्हनून भुई खरवडते बिचारी."

बायको माझ्याकडे बघत होती. मी मोटरच्या बटनाकडे.

मोटर लावली. माशांचं खाणं चुरून त्याचं पीठ केलं, धारेत सोडलं. कोलंबी खालीच. दुसऱ्या दिवशीपन खालीच. मी पलंगावरून तिला बघत पडायचो, ना मला झोप, ना तिला भूक. लाइनीत मागचे हॉर्न मारायचे तेव्हा कळायचं, माझा डोळा लागला होता.

पाचव्या दिवशी ती दगडावर चढली. घसरली, परत चढली. एक जाळी उघडली, मग दुसरी. बाकीच्या मिटलेल्याच.

"जगेल ना ओ?" बायको म्हणाली.

"खातेय तर."

"मग आता झोपा तुमी."

उशी कानावर दाबून पडलो. मोटरचं गुणगुणणं चालूच होतं. आता टेन्शन वेगळंच, झोपेत लाईट गेली तर मला कळणार कसं? म्हणून उशी काढली आणि ऐकत पडून राहिलो.