एक चुंबक उलटं

२३ जानेवारी. दुकानातली चुंबकं सोडवून ठेवते आहे. कपाटाच्या दाराला लावतात तसली, काळी, बोटाएवढी. खोक्यात ती एकमेकांना चिकटून बसली आहेत, सोबत खिळे आणि माझी हरवलेली कात्री. प्रत्येकाच्या एका बाजूवर लाल नेलपॉलिशचा टिपका आहे. तो हिरामणदादांचा. उरणच्या मेहुण्याच्या होडीतलं होकायंत्र जवळ धरून ते चुंबकाची उत्तर बाजू ठरवत आणि वहिनींच्या बाटलीतून टिपका लावत.

दादांचं पनवेलला मोटार रिवाइंडिंगचं दुकान. पंप, पंखे, मिक्सर. सतरा वर्षं मी तिथे तार गुंडाळली. एकदा हळदीत वाजवणारा एक बँडवाला गिटार घेऊन आला. म्हणाला, "मांडवातले हॅलोजन लागले की ही घूंऽऽ करते." दादांनी ती उघडली. तारांखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेची गुंडाळी. त्याला पिकअप म्हणतात. तार थरथरली की आवाज तिथून निघतो.

"हा तं पंपाचाच भाऊ," दादा म्हणाले. "आमी करू."

दोन पिकअप घरीच बनवले. एकातलं चुंबक दादांनी उलटं बसवलं, म्हणजे दोघांची घूं एकमेकींना खाईल. झालं भलतंच. गाणं पत्र्यासारखं पातळ झालं आणि घूं तशीच.

"सूर मेला, घूं जिती हाय," दादा म्हणाले.

"चुंबक एकटं उलटून काय होणार? गुंडाळीही उलटी हवी," मी म्हटलं. सवयीने मी दोन्ही एकाच दिशेने गुंडाळल्या होत्या.

"मंग गुंडाल ना बाय. तुजा हात काय शेटजीचा हाय?"

गुंडाळली. दोन्ही पिकअप एकत्र चालू केले आणि घूं गेली, सूर भरदार राहिला. त्यानंतर बेलपाड्यापासून उरणपर्यंतचे बँडवाले यायला लागले.

दादांचं समाधान मात्र होईना. "अजून येते," म्हणायचे. रोज चुंबकं उलटायची, टिपका वर, टिपका खाली. मला काही ऐकू येत नव्हतं. "तुजं कान म्हातारं झालं," हे वर.

डिसेंबरात एका दुपारी ते अँप्लिफायरजवळ वाकून म्हणाले, "आयक. आता पन हाय."

"दादा, लाईट गेलीय."

त्यांनी वर पाहिलं. पंखा थांबलेला होता. फोन ते हल्ली उजव्याच कानाला का लावतात, ते मला तेव्हा कळलं. डाव्या कानाने माणसांचं बोलणं सोडलं होतं आणि घूं तेवढी धरून ठेवली होती.

"कानाच्या डॉक्टरकडे चला," मी म्हटलं.

"लग्नसराई सरू दे. आनि कुनाला सांगू नको, बाय. बहिऱ्याच्या हातात गिटार कोन देईल?"

मी बरं म्हटलं. वहिनींनाही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी उरण रोड ओलांडताना दादा कंटेनरच्या ट्रेलरखाली गेले. ट्रेलर डावीकडून आला. ड्रायव्हर येईल त्याला सांगत होता, हॉर्न दिला होता. लोकांनी त्याला मारलं. हवालदार दुकानात आला, मला विचारलं, ऐकू नीट यायचं का? वहिनी शेजारी बसल्या होत्या. मी म्हटलं, "नीट यायचं. गिटारमधला बारीक आवाजसुद्धा पकडायचे." ते त्याने लिहून घेतलं.

आता वहिनी चहा घेऊन आल्या. "ह्या चुंबकांचा काय करायचा?"

मी त्यांना सगळं सांगितलं, लाईट गेली त्या दुपारपासून. त्या उभ्याच राहिल्या.

"म्हंजे त्या मानसानं हॉर्न वाजवला व्हता?"

"वाजवला असेल."

"आनि तुला म्हाईत व्हता. माज्या घरात जेवून जात व्हतीस."

कप त्यांनी माझ्या हातात दिला नाही. टेबलावर ठेवला आणि गेल्या. चहा मी प्यायले नाही. चुंबकं टिपक्याप्रमाणे लावली, खोकं बांधलं, शटर ओढलं.

२४ तारखेला सकाळी आधार कार्ड घेऊन पोलीस स्टेशनला गेले. हवालदाराला म्हटलं, लिहा, डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, मला डिसेंबरपासून माहीत होतं.

"आधी का नाही बोललात?"

"त्यांनी नको म्हटलं होतं."

"ते तर गेले, बाई."

"म्हणूनच आले. ड्रायव्हर अजून आहे," मी म्हटलं. त्याने लिहिलेलं मी पुन्हा वाचून घेतलं आणि सही केली.