शिपायाची परमनंट जागा

"सर! हे काय करून राहिले तुमी? माह्या जागेवर अर्ज? तुमी?"

हा आवाज थेट अचलपूरपर्यंत गेला असेल. माझा लिफाफा नाचवत आमच्या कॉलेजचे शिपाई दारात उभे होते. दारही त्यांचंच. खालचा मजला, वरचा मजला, गच्चीवरची टाकी, सगळं त्यांचं. वरच्या खोलीत मी भाडेकरू. कॉलेजात ते मला 'सर' म्हणत खडू आणून देत, घरी मी त्यांना 'भाऊ' म्हणत पाण्याची मोटर लावायची परवानगी मागे.

भाऊ जुन्या काळात परमनंट लागले. एकामागून एक वेतन आयोग मिळाले आणि अमरावतीच्या बायपासला कुत्रं विचारत नव्हतं तेव्हाच त्यांनी प्लॉट घेऊन ठेवला. मी पीएच.डी., पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढेच पैसे. शिकवायचो काय, तर देशाची आर्थिक वाढ! सकाळी अमरावती, दुपारी अकोला; एस.टी.त इतका बसलो की कंडक्टर तिकिटाऐवजी माझी हजेरी घ्यायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत, आणि नेमका तेव्हाच स्लॅब असा तापायचा की चहाला गॅस लागत नसे, पातेलं फरशीवर ठेवलं की उकळी.

भाऊ रिटायर होणार, जागा निघणार, अशी हवा होती. जाहिरातीची वाट कोण पाहतो! पहिला नंबर लागावा म्हणून मी आधीच अर्ज पोस्टात टाकला. कॉलेजचं टपाल भाऊच फोडतात, हे मात्र साफ विसरलो.

"डाक्टर मानूस घंटा वाजवनार काय? पोट्टे हासतील ना!"

"हासू द्या. बारा महिने पगार भेटला तर बायकोले अन् लेकीले अकोल्याहून आनतो, भाऊ. किती दिवस सासऱ्याच्या घरी ठेवू?"

भाऊ मटकन पायरीवर बसले. आवाज एकदम खाली आला.

"माहा पोरगाबी याच जागेसाठी मांगं लागला होता. इंजिनिअर हाय तो."

आता बसायची पाळी माझी होती. मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो.

"मंग? त्यानं काहून नाई केला अर्ज?"

"जागाच रद्द झाली, सर. आता ठेक्यावर एजन्सीचा मानूस येनार हाय."